बाबाचा आवाज

सकाळी 8 ला कामाला लागलो तो आत्ता मोकळा झालो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशातल्या आमच्या लोकल केबलचं जुनं फुटेज हार्डडिस्कवर उतरवतोय. मिनी डीव्ही कॅसेट (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची छोटी टेप) तासाभराची असली की उतरवायलाही तासच लागतो, घाई चालत नाही. एका तासाचे साधारण 13 जीबी होतात. आज पाच झाल्या. मधे लाईन गेली, तर एक पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी जुनी डिस्क जोडली आणि आतून टक्-टक् आवाज. काळजात धस्स झालं. त्यात एका गावच्या मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतली दंडार (आपल्याकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य) होती, रात्रभर जागून शूट केलेली. त्यातला म्हातारा गायक आता नाही. त्याचा मुलगा परवाच विचारत होता, "बाबाचा आवाज हाय का जी तुमच्यापाशी?"

दुसरी प्रत ब्रह्मपुरीला मित्राच्या घरी होती. गाडी काढली, वैनगंगा ओलांडून घेऊन आलो. फाईल उघडली, ढोलकी वाजली, तेव्हा कुठे पाणी प्यायलो.

कॅमेरा चालवणाऱ्या पोरांनो, कॉपी झाली म्हणून लगेच कार्ड फॉरमॅट करू नका रे. आधी चेकसम जुळवा, म्हणजे मूळ फाईल आणि कॉपी यांच्यावरून सॉफ्टवेअरने काढलेला आकडा एकच येतो का ते बघा. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. आणि कपाटातली डिस्क अधूनमधून लावून बघत जा, आमची दोन वर्षं तशीच पडून होती.

वडसा, आरमोरी, कुरखेडा भागात कुणाकडे दंडारीच्या, नाटकांच्या जुन्या कॅसेट असतील तर कळवा. घरी येऊन नेतो, उतरवून परत आणून देतो.