वॉटर्लूच्या टेकडीवरून न दिसणारी लढाई

वॉटर्लूच्या रणभूमीवर सर्वांत आधी नजरेत भरते ती तिथली टेकडी, आणि माझ्या मते त्या जागेचे सर्वांत मोठे नुकसानही त्या टेकडीनेच केले आहे. वर फ्रान्सच्या दिशेने तोंड करून उभा असलेला 28 टनांचा बिडाचा सिंह, त्याच्याकडे नेणाऱ्या 226 पायऱ्या, आणि खाली मातीचा प्रचंड, रेखीव शंकू. 18 जून 1815 रोजी नेदरलँड्सचा युवराज जिथे खांद्यात गोळी लागून जखमी झाला, त्या जागेची खूण म्हणून त्याच्या वडिलांनी, राजा पहिल्या विल्यमने, ही टेकडी बांधवली आणि 1826 मध्ये ती पुरी झाली. एवढी माती आणली कुठून, तर नेपोलियनविरुद्धच्या त्या लढाईत इंग्रज सेनापती वेलिंग्टनचे सैन्य ज्या उंचवट्याच्या आडोशाने दिवसभर टिकून राहिले, तोच उंचवटा खरवडून. लढाईचे स्मारक उभारताना लढाईचे कारणच उपसून नेले गेले. पुढे वेलिंग्टनने ही जागा पाहिली तेव्हा ‘माझे रणांगणच बदलून टाकले’ असे तो म्हणाला, असे फ्रेंच कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगोने लिहून ठेवले आहे.

ब्रसेल्समधल्या दिवसांविषयी मी लिहीत नाही. तिथला चौक आणि चॉकलेटे यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. तिथे नोकरीला असलेल्या भाच्याला मी आधीच बजावून ठेवले होते की एक रविवार वॉटर्लूसाठी राखून ठेव. दक्षिणेकडच्या मोठ्या स्थानकातून गाडीने ब्रेन-ललू गाठायला फार वेळ लागत नाही. पुढची बस मात्र रविवारमुळे इतक्या उशिराने होती की आम्ही उन्हातून चालतच निघालो.

या जागेची ओढ मला लावली ती सर्गेई बोंदार्चुक यांच्या 1970 सालच्या ‘वॉटर्लू’ या चित्रपटाने. चित्रीकरण बेल्जियममध्ये झालेच नाही. ते झाले तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमध्ये, उझहोरोद शहराजवळ. संगणकाने माणसे वाढवण्याची सोय नसल्यामुळे सोव्हिएत लष्कराचे सुमारे पंधरा हजार जवान पायदळाच्या गणवेशात उभे केले गेले, शिवाय घोडदळ वेगळे. दोन टेकड्या सपाट केल्या गेल्या, झाडे लावली गेली, आणि लढाईच्या आदल्या रात्रीच्या पावसाचा चिखल दाखवता यावा म्हणून जमिनीखालून पाण्याचे नळ टाकले गेले. इतकी मेहनत घेणाऱ्या माणसांविषयी मला आजही आदर वाटतो. त्या चित्रपटातले सर्वांत गाजलेले दृश्य हेलिकॉप्टरमधून टिपलेले आहे: इंग्रज पायदळाने संगिनी रोखून रचलेले चौकोन, आणि त्यांच्याभोवती पुराच्या पाण्यासारखे फिरणारे फ्रेंच घोडदळ. हेच दृश्य मनात धरून मी त्या पायऱ्या चढत होते.

वर पोचल्यावर दिसले ते अगदी तसेच. सिंहाच्या चौथऱ्याभोवती पर्यटकांची दाटी होती आणि प्रत्येक जण आपल्या फोनमध्ये तेच हवाई दृश्य भरून घेत होता. पश्चिमेला ऊगुमाँची वाडी, समोर शार्लरुआकडे जाणारा रस्ता, त्याला लागून ला ए सँतचा शेतवाडा, पलीकडे ला बेल आलियाँसची जुनी खाणावळ. सगळे एका नजरेत मावत होते. इतक्याशा जागेत पावणेदोन लाखांहून अधिक माणसे आणि हजारो घोडे लढले, हे पटायला वेळ लागला. पण आणखीही काहीतरी खटकत होते. वरून पाहताना सगळे मैदान सपाट दिसत होते, आणि ही लढाई इतकी अवघड का झाली असावी, हेच मुळी कळत नव्हते.

उत्तर मिळाले ते खाली उतरून शेतांमधल्या पायवाटेने चालू लागल्यावर. पाच-दहा मिनिटांतच जमीन पायाखालून हळूहळू खचल्यासारखी झाली. चढ आला, मग उतार, मग पुन्हा एक बारीकशी लाट. थोड्या वेळापूर्वी वरून बोटाने दाखवलेला ला ए सँतचा वाडा दिसेनासा झाला. ऊगुमाँची झाडे तर केव्हाच लपली होती. दोन्ही बाजूंना गव्हाचे पीक आणि त्याच्या वर फक्त आकाश. भाचा थांबला आणि म्हणाला, “मावशी, इथून तर काहीच दिसत नाही गं. घोडदळ अंगावर येईपर्यंत यांना कळलं तरी असेल का?”

मी पुष्कळ वेळ तिथेच उभी राहिले. एवढ्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून जे समजले नव्हते, ते त्या एका प्रश्नाने समोर ठेवले. 1815 साली इथे गव्हापेक्षा कितीतरी उंच वाढणारे राय हे धान्य उभे होते, आपल्याकडच्या ज्वारीसारखे पुरुषभर वाढलेले. रात्रभराच्या पावसाने जमीन लोण्यासारखी मऊ झालेली. त्यात काळ्या बारुदीचा धूर, जो एकदा दाटला की लवकर हटत नाही. त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभर मीटरच्या पुढे भरवशाचा नसे, त्यामुळे गोळी झाडायची ती शत्रू जवळपास तोंडाशी आल्यावरच. इथे लढलेल्या सैनिकाला लढाई दिसलीच नसणार. त्याला दिसली असेल पुढच्या माणसाची पाठ, धुरात चमकलेली एखादी संगीन, आणि कानांवर आला असेल घोड्यांच्या टापांचा आवाज.

वेलिंग्टनची सारी भिस्त याच लाटांवर होती. त्याने आपले बहुतेक पायदळ उंचवट्याच्या मागच्या उतारावर ठेवले आणि तोफगोळ्यांपासून वाचण्यासाठी त्यांना आडवे पडून राहायला लावले. दुपारी चारच्या सुमारास नेपोलियनचा सेनानी मार्शल नेय याला समोरच्या उंचवट्यावर मागे सरकणारी हालचाल दिसली. शत्रू माघार घेतो आहे असे समजून त्याने पायदळाच्या आधाराविना घोडदळ पुढे लोटले. उंचवटा ओलांडताच त्या घोडेस्वारांना समोर दिसले ते तयार उभे चौकोन. पडद्यावर हा प्रसंग पाहताना नेय मूर्ख वाटतो, कारण उंचवट्याच्या दोन्ही बाजू कॅमेऱ्याने आपल्याला आधीच दाखवलेल्या असतात. त्या वाटेवर उभे राहून फ्रेंच बाजूकडून वर पाहिले, तर माथ्याच्या पलीकडचे काहीही दिसत नाही, आणि तेही निम्मी माती टेकडीसाठी उचलून नेल्यानंतर. म्हणून माझे ठाम मत झाले आहे की युद्धपटातली गंभीर चूक गणवेशाच्या बटणांत किंवा टोपीच्या पिसांत नसते. कोणाला काय दिसत होते हे चुकले की माणसांचे निर्णयच खोटे पडतात, आणि मग बाकीचे सगळे अचूक असूनही उपयोग होत नाही.

बोंदार्चुक यांच्या चित्रपटात वेलिंग्टनच्या बाजूच्या स्कॉट्स ग्रेज या रिसाल्याची दौड संथ गतीने, समोरून दाखवली आहे. ती चित्रकार लेडी बटलर यांच्या 1881 सालच्या प्रसिद्ध चित्रावरून घेतलेली आहे, आणि ते चित्रही लढाईनंतर साठ-पासष्ट वर्षांनी रंगवलेले. प्रत्यक्षात ते घोडे चिखलातून आणि आपल्याच पायदळाच्या रांगांमधून वाट काढत निघाले होते. त्या सुरुवातीला भरधाव दौड शक्यच नव्हती. तरीही त्या चित्रपटाला जमिनीचे महत्त्व उमगले होते असे मी म्हणेन, कारण चिखलासाठी नळ टाकण्याचे त्यांना सुचले. रिडली स्कॉट यांच्या 2023 सालच्या ‘नेपोलियन’मध्ये मात्र वेलिंग्टनचे सैनिक खंदकांत बसलेले आहेत, एक नेमबाज दुर्बीण लावलेल्या बंदुकीने नेपोलियनवर नेम धरतो, आणि सम्राट स्वतः तलवार उपसून घोडदळाबरोबर धावून जातो. यातले काहीही घडले नव्हते. शेवटी वेलिंग्टन आणि नेपोलियन यांची जहाजावर भेटही घडवली आहे. ते दोघे आयुष्यात कधी भेटले नाहीत. भेटीचे मी एक वेळ सोडून देईन, नाटककाराला तेवढी मोकळीक असावी. खंदकांचे मात्र सोडवत नाही. निसर्गाने दिलेला उतार हेच ज्याचे शस्त्र होते, त्या सेनापतीला पहिल्या महायुद्धातले खंदक देऊन टाकले की त्याने त्या दिवशी नेमके काय केले, हे सांगायलाच जागा उरत नाही.

आणि जमीन वाचण्याची त्याची ही हातोटी आपल्याला परकी नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ शिंदे आणि भोसले यांच्या फौजेसमोर उभा असलेला आर्थर वेलस्ली म्हणजे हाच पुढचा वेलिंग्टन. केळणा नदी पायी ओलांडता येईल अशी जागा जवळपास नाही असे वाटाड्यांनी त्याला सांगितले होते. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली, तेव्हा त्यांच्यामध्ये ये-जा करण्यासाठी अशी जागा असणारच असा तर्क त्याने केला, आणि तो खरा ठरला. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी पोलमन हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. त्याने आपली सगळी रांग झपाट्याने वळवून नव्या दिशेला उभी केली, आणि मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांची जबर हानी केली. बारा वर्षांनी वॉटर्लूवर हॅनोव्हरचेच सैनिक वेलिंग्टनच्या बाजूने ला ए सँतमध्ये दारूगोळा संपेपर्यंत लढले. हे मला तिथल्या फाटकासमोर उभी असताना आठवले. तो वाडा आजही खासगी मालकीची शेती आहे, आत जाता येत नाही, आणि त्याच्या भिंतीला घासून इतकी वाहने जातात की रस्ता ओलांडायलाही धीर लागतो.

ऊगुमाँ मात्र आतून पाहता येते. दोनशेव्या वर्षाच्या निमित्ताने 2015 मध्ये ती वाडी नीट दुरुस्त करण्यात आली. बागेच्या विटांच्या भिंतीत बंदुकीच्या नळ्या बाहेर काढण्यासाठी पाडलेली भोके आहेत. एकात डोळा लावला तर समोरचा गवताचा पट्टा जेमतेम दिसतो. छोट्या प्रार्थनामंदिरात ख्रिस्ताची लाकडी मूर्ती आहे, तिचे पाय आगीत जळालेले आहेत. विहिरीत तीनशे प्रेते टाकली होती असे ह्यूगोने लिहिले, पण ती उकरली तेव्हा माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. इतिहासाशी सैलपणाने वागण्याचा आरोप केवळ सिनेमावाल्यांवर करून चालणार नाही.

टेकडीखालच्या संग्रहालयात एका सैनिकाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा काचेखाली ठेवला आहे. 2012 मध्ये वाहनतळासाठी खोदकाम चालू असताना तो सापडला. ज्या गोळीने तो मेला ती त्याच्या बरगड्यांमध्येच होती. लहान चणीचा माणूस. त्याला असे मांडून ठेवणे मला रुचले नाही, आणि तरीही मी त्याच्यासमोरून लवकर हलले नाही. शेजारच्या गोल इमारतीत लुई द्युमुलँ यांनी 1912 मध्ये रंगवलेले 110 मीटर लांबीचे चित्र आहे. मधोमध उभे राहिले की चहूबाजूंनी नेयचे घोडदळ येते, आणि एकाच वेळी सगळीकडे पाहता येत नाही. मागे काय चालले आहे हे कळण्यासाठी वळावेच लागते. मोठ्या खर्चाच्या चित्रपटांनी जे हरवले, ते या जुन्या कापडाने पुष्कळसे राखले आहे.

वेलिंग्टनचे मुख्य रुग्णालय ज्या माँ-सँ-जाँच्या वाड्यात होते, तिथे आता बिअर बनवतात आणि जेवणही मिळते. 2019 च्या उत्खननात तिथे कापलेल्या पायांची हाडे निघाली होती. जेवण उत्तम होते आणि वाढणारी मुलगी मनापासून आदरातिथ्य करत होती, मात्र बेल्जियममध्ये साध्या पाण्यालाही पैसे पडतात याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

तिथून आम्ही प्लाँसनुआला चालत गेलो, आणि त्या गावाने माझा चित्रपटांवरचा राग आणखी वाढवला. दुपारी साडेचारनंतर वेलिंग्टनच्या मदतीला आलेले प्रशियन, म्हणजे जर्मन, सैन्य इथे फ्रेंचांना भिडले. गल्ल्यांतून, घरांतून, चर्चच्या आवारातून हातघाईची लढाई झाली आणि गाव अनेकदा हातचे गेले, परत आले. दिवसअखेर सुमारे सात हजार प्रशियन मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. पडद्यावर ते संध्याकाळी क्षितिजावर उगवतात आणि लढाई संपते. ही खोड सिनेमाच्याही आधीची आहे. विल्यम सायबर्न या इंग्रज अधिकाऱ्याने 1838 मध्ये या रणांगणाची प्रचंड प्रतिकृती लंडनमध्ये मांडली. ती करण्यासाठी तो ला ए सँतमध्ये आठ महिने राहून मोजमापे घेत होता. तीत प्रशियन सैन्य त्याने प्रामाणिकपणे दाखवले होते. वेलिंग्टनच्या बाजूच्या मंडळींना ते खपले नाही, आणि अखेर त्याला हजारो प्रशियन सैनिकांच्या आकृत्या काढून टाकाव्या लागल्या.

प्लाँसनुआला शिंकेल या वास्तुकाराने आखलेले प्रशियन स्मारक आहे, लोखंडी, टोकदार, गॉथिक धाटणीचे. आम्ही होतो तोवर तिथे दुसरे कोणीही फिरकले नाही. सिंहाच्या टेकडीवर त्याच वेळी रांग लागलेली असणार. कोणी जाणार असेल तर मी इतकेच सांगेन की सुरुवात या गावापासून करावी, शेतांमधून चालत ला बेल आलियाँसवरून पुढे उंचवट्याकडे यावे, वाटेत काय दिसते आणि काय दिसत नाही हे मनात नोंदवत जावे, आणि टेकडीच्या पायऱ्या सर्वांत शेवटी चढाव्यात. पावसाळी दिवस मिळाला आणि चपला चिखलाने भरल्या, तर तक्रार करू नये.