दोशोमाची : ओसाकातील औषधांची पेठ

ओसाकातील किताहामा स्थानकातून बाहेर पडून दक्षिणेकडे थोडे चालले की दोशोमाची ही औषधांची जुनी पेठ लागते. १६७८ मध्ये सुरू झालेली तानाबे, १७८१ ची ताकेदा आणि १८७८ ची शिओनोगी या तिन्ही औषध कंपन्यांचा इतिहास याच रस्त्याशी जोडलेला आहे. आज ताकेदाची गणना जगातील मोठ्या औषध कंपन्यांमध्ये होते. तिची सुरुवात कुठे झाली, हे पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती.

पेठ समजून घ्यायची तर आधी सुकुनाहिकोना मंदिरात जावे. दोन उंच इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून आत शिरावे लागते. येथील औषध व्यापारी शेकडो वनस्पती स्वतः चाखून पाहणाऱ्या शेननोंग या चिनी देवतेला भजत असत. १७८० मध्ये त्यांनी क्योतोहून सुकुनाहिकोना ही जपानी औषधदेवता आणली आणि दोघांची एकत्र पूजा सुरू झाली. मंदिरात मिळणारा कागदाच्या लगद्याचा पिवळा वाघ मी हातात घेऊन पाहिला. पाच पानांच्या बांबूच्या फांदीला तो टांगलेला असतो, मान डुलवतो आणि त्याच्या पोटावर ‘औषध’ या अक्षराचा लाल शिक्का असतो. १८२२ मध्ये ओसाकात पटकीची (कॉलराची) साथ पसरली, तेव्हा येथील व्यापाऱ्यांनी वाघाच्या कवटीचे चूर्ण घातलेल्या गोळ्या तयार केल्या आणि त्यांच्याबरोबर हा वाघ लोकांना वाटला. त्या गोळ्यांनी पटकी बरी झाली असेल असे मला वाटत नाही. पण साथीच्या काळात व्यापाऱ्यांनी दुकाने बंद करून घरी बसणे पत्करले नाही, हे मला मोलाचे वाटते. दरवर्षी २२ आणि २३ नोव्हेंबरला येथे उत्सव भरतो.

मंदिराच्याच इमारतीत पेठेचे छोटे संग्रहालय आहे. येथील व्यापाऱ्यांच्या संघाने १६५८ पासूनची कागदपत्रे जपून ठेवली आहेत. त्या काळी चिनी आणि डच जहाजांना व्यापारासाठी नागासाकी हे एकच बंदर खुले होते. तेथे उतरलेला औषधी माल ओसाकाला येई. दोशोमाचीचे दलाल त्याचा अस्सलपणा आणि प्रत तपासत, वजन करत, भाव ठरवत आणि मगच तो देशभर जाई. १७२२ मध्ये शोगुनच्या, म्हणजे त्या काळच्या लष्करी शासकाच्या, सरकारने १२४ दलालांच्या संघाला अधिकृत मान्यता दिली. औषध कंपनी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. या पेठेत मात्र प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी मालाची पारख आली.

१७८१ मध्ये ताकेदा चोबेई यांनी वयाच्या ३२ व्या वर्षी येथे स्वतःचे दुकान थाटले, ते याच कामासाठी. घाऊक व्यापाऱ्यांकडून जपानी आणि चिनी औषधे घ्यायची आणि थोड्या थोड्या प्रमाणात स्थानिक व्यापाऱ्यांना व वैद्यांना विकायची, असा त्यांचा व्यवसाय होता. पुढे १८७१ मध्ये याच घराण्यातील, तेच नाव धारण करणाऱ्या चौथ्या चोबेईंनी योकोहामामार्गे पाश्चात्त्य औषधे आणायला सुरुवात केली. त्यांत हिवतापावरचे क्विनाइन आणि पटकीच्या साथीत वापरले जाणारे फिनॉल होते. १८९५ मध्ये ओसाकात कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारी औषधे थांबली, तेव्हा आयातीवर विसंबून राहण्यातला धोका कळला आणि स्वतःच्या संशोधनाला वेग आला.

मला सर्वांत जास्त ओढ होती ती अलिनामिनच्या कथेची. पॉलिश केलेला पांढरा भात हे मुख्य अन्न असल्यामुळे जपानमध्ये बेरीबेरी या रोगाने असंख्य माणसे दगावत, कारण ब-१ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाई. हे जीवनसत्त्व नुसते पोटात घेतले तर फारसे शोषले जात नाही. १९५२ मध्ये क्योतो विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की लसणातील एक घटक त्याच्याशी संयोग पावला तर तयार होणारे द्रव्य शरीरात सहज शोषले जाते. ताकेदाने या शोधावर आधारित संयुग तयार करून १९५४ मध्ये अलिनामिन बाजारात आणले. पुढे लसणाचा वास कमी असलेले रूपही काढले. भात खाणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना हा इतिहास जवळचा वाटावा.

याच रस्त्यावरील ताकेदाच्या जुन्या इमारतीत क्योउ शोओकू हे ग्रंथालय आहे. १९२३ मध्ये तोक्योच्या परिसरात झालेल्या कांतो भूकंपात असंख्य ग्रंथ जळाले, तेव्हा पाचव्या चोबेईंनी स्वतःच्या पैशांतून जपानी आणि चिनी वैद्यकाचे ग्रंथ जमवायला सुरुवात केली. दोशोमाचीला जाणाऱ्याने ते चुकवू नये.

२०१९ मध्ये शायर ही मोठी औषध कंपनी विकत घेतल्यावर ताकेदाचा कारभार जगभर पसरला आणि जागतिक मुख्यालय आता तोक्योत आहे. एवढ्या मोठ्या खरेदीने संशोधनाला बळ मिळते की कर्जाचे ओझे वाढते, याविषयी मतभेद आहेत. माझे मत अजून पक्के झालेले नाही. ताकेदाच्या डेंग्यूवरील लशीबद्दल मात्र मला आशा आहे. या लशीला पहिली मंजुरी २०२२ मध्ये इंडोनेशियात मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ताकेदाने हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीशी करार केला असून, तेथे वर्षाला ५ कोटी डोसपर्यंत उत्पादन करण्याचे उद्दिष्ट आहे. दर पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण मोजणाऱ्या आपल्या शहरांना ही लस परवडेल अशा किमतीत मिळणे, हे मला या कंपनीच्या कोणत्याही खरेदीपेक्षा महत्त्वाचे वाटते.