बिंदू चौकातला लाल बावटा

अंबाबाईच्या दर्शनाची रांग, रंकाळ्यावरची खाऊगल्ली आणि शनिवारची गर्दी पाहून लॉजवाल्याने वाढवलेले भाडे यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरला जाऊ नये असे मी सर्वांना सांगतो आणि स्वतः मात्र दर वेळी शनिवारीच जातो.

या खेपेला लक्षात राहिली ती बिंदू चौकातली शेतकरी कामगार पक्षाची (शेकापची) एक लहानशी सभा. कोल्हापुरात कोणालाही आव्हान द्यायचे झाले की ‘बिंदू चौकात या’ म्हणतात. याच चौकात १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच, त्यांचा आणि महात्मा फुले यांचा पुतळा उभा राहिला. त्या पुतळ्यांच्या अलीकडे सतरंजी अंथरलेली होती, दोन लाल बावटे रोवलेले होते आणि उसाच्या थकलेल्या बिलांवर एक वक्ता तळमळीने बोलत होता. ध्वनिक्षेपक मधूनच खरखरायचा, तेव्हा वक्ता तो बाजूला ठेवून उघड्या आवाजात पुढचे वाक्य पूर्ण करायचा, आणि गंमत म्हणजे तेच अधिक स्पष्ट ऐकू येई. समोरच्या बायकांनी भाकरीची फडकी मांडीवर घेतली होती. मोठ्या पक्षांच्या सभेला माणसे गाड्या भरून आणावी लागतात. इथे आलेले स्वतःच्या तिकिटाने आलेले दिसत होते.

शेजारच्या टपरीवर चहा घेताना एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “काय पाव्हणं, कुठनं आलासा?” पुणे म्हटल्यावर त्यांनी मला बाकावर जागा करून दिली आणि टोलच्या लढ्याची गोष्ट सुरू केली. शहरातल्या रस्त्यांसाठी टोल लागला तेव्हा सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली आणि तिचे नेतृत्व शेकापच्या प्रा. एन. डी. पाटील यांच्याकडे आले. वय ऐंशीच्या पुढे गेलेले असतानाही ते रस्त्यावर होते. अखेर २०१५ च्या डिसेंबरात सरकारला टोल रद्द करण्याची घोषणा करावी लागली.

“मग पक्षाला मतं का पडत नाहीत?” मी विचारले.

“मोर्चाला भाई पायजेत,” ते हसून म्हणाले (शेकापच्या नेत्यांना ‘भाई’ म्हणतात), “आणि मताला आपला पावणा-रावळा.”

हे उत्तर मला फार झोंबले. याच कोल्हापूरने १९८५ साली पाटील यांना विधानसभेत पाठवले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याने शेकापच्याच गणपतराव देशमुख यांना तब्बल ११ वेळा निवडून दिले. पण १९४७ च्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडून शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी उभारलेल्या या पक्षाला २०२४ मध्ये सांगोल्याची एकच जागा मिळाली. आपल्याला न्याय मिळवून देणारा माणूस आणि आपले काम करून देणारा आमदार, अशी वाटणी आपण कधीच करून टाकली आहे, आणि त्या वाटणीत पुण्याचा मी काही कोल्हापूरकरांपेक्षा वेगळा नाही.

चहाचे पैसे मी काढले, तर गृहस्थांनी माझा हात धरला. “पावण्यानं पैसं द्यायचं नसत्यात आमच्यात.” पुढच्या सभेला या, असेही त्यांनी बजावले. ती शनिवारी ठेवा, असे मी सुचवताच ते म्हणाले, “शनवारी नको. गर्दी लई असती.”