स्टार ट्रेकचं पॅनेल देवनागरीत: एल्बो जमला, शिरोरेषा अजून भांडतेय

ब्राउझरचा नवा टॅब उघडला की समोर एलकार्स यायला हवं, आणि तेही मराठीत. प्रकल्प एवढाच. ज्यांनी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: काळ्या पडद्यावर नारिंगी-जांभळ्या जाड पट्ट्या, गोल टोकांची बटणं आणि उंच, अरुंद अक्षरं, हा त्या मालिकेतल्या अंतराळ-जहाजाच्या संगणकाचा चेहरा. १९८७ साली मालिका सुरू झाली तेव्हा मायकेल ओकुडा यांनी तो घडवला. हात आखडता होता, म्हणून खटके आणि दिवे बसवण्याऐवजी पारदर्शक फिल्मवर सपाट चित्र आणि मागून उजेड, असा मामला. म्हणजे आपण २०१३ मध्ये आयफोनवर 'फ्लॅट', म्हणजे सपाट रूप, आलं म्हणून जे भांडलो, ते इथे पैशांच्या चणचणीतून पाव शतक आधीच होऊन गेलं होतं.

मी स्वतःला एकच नियम घातलाय: पानावर दिसेल ते खरं असलं पाहिजे. मालिकेतल्या पॅनेलांवरचे आकडे नुसते भरणाचे असतात, आणि पॉज करून बघणाऱ्यांना बारीक अक्षरांत विनोद सापडतात. नटाचं बोट कुठेही पडलं तरी जहाज वळतं. माझ्याकडे बटण दिसलं तर ते दाबता आलं पाहिजे आणि आकडा दिसला तर तो कशाचा हे सांगता आलं पाहिजे. हा नियम लावल्याबरोबर निम्मं पॅनेल रिकामं झालं. गंमत म्हणजे तरीही ते एलकार्सच दिसत होतं, कारण त्याचा जीव आकड्यांत नाही, पट्ट्यांत आहे.

तर आधी पट्टी वळते तो कोपरा, ज्याला आपल्यातले लोक एल्बो म्हणतात. बाहेरची गोलाई मोठी, आतली लहान. या फरकातच सगळा थाट. पहिल्यांदा सुचते ती बॉर्डर: डावी १२० पिक्सेल, वरची २८, बॉर्डर-रेडियस म्हणजे कोपऱ्याची त्रिज्या ६०. पण आतली गोलाई काढताना ब्राउझर बाहेरच्या त्रिज्येतून बॉर्डरची जाडी वजा करतो. ६० मधून १२० जात नाहीत, म्हणून आतला कोपरा सरळ काटकोनी. आडवी आणि उभी त्रिज्या वेगळी देऊन आतली गोलाई मिळते, पण मग बाहेरची लंबगोल होते आणि ते डोळ्यांना खुपतं. म्हणून बॉर्डर सोडून दिली. नारिंगी डब्याला डावीकडून १२०, वरून २८ पॅडिंग, म्हणजे कडेपासून आत सोडलेली जागा. आत काळा डबा, त्याची स्वतःची त्रिज्या २४. पडदा काळाच, त्यामुळे कुठे जोड दिसत नाही. २०२५ मध्ये क्रोममध्ये कोपऱ्याचा आकार ठरवणारं कॉर्नर-शेप आलंय आणि त्यातलं 'स्कूप' कोपरा आतून कोरून देतं, पण ते सगळ्या ब्राउझरांत चालत नाही. दोन डब्यांत भागतंय तर कशाला?

रंगांचं काम झटपट झालं. चाहत्यांच्या पानांवर वर्षानुवर्षं फिरणारे रंग घेतले (लाल-हिरवा-निळा या क्रमाने): २५५-१५३-०, २०४-१५३-२०४, २०४-१०२-१०२. आकडे नीट पाहा, प्रत्येक ५१ च्या पाढ्यातला. म्हणजे जुन्या २१६ 'वेब-सेफ' रंगांतलेच, पडदे २५६ रंग दाखवायचे त्या काळातले. नारिंगीवर काळी अक्षरं ठेवली तर कॉन्ट्रास्ट जवळपास ९.८ ला १. तीच पांढरी केली तर जेमतेम २.१. मळक्या लालवर काळी ५.६ च्या वर, म्हणजे अक्षरं सगळ्यांना वाचता यावीत यासाठीची ४.५ ची अट तिथेही पाळली जाते. हे सगळं कागदावर मांडता येतं, कारण रंग सपाट आहेत. ॲपलच्या नव्या काचेसारख्या 'लिक्विड ग्लास'मध्ये हे गणित मांडायचं कसं? मागे कुणाचा फोटो येईल त्यावर उत्तर बदलणार. दिसायला झकास, वाचायला नशिबावर.

आता मुख्य भांडण. मूळ अक्षरं इंग्रजी, सगळी कॅपिटल, सगळ्यांची उंची एक, म्हणून बटणाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ती चपखल बसतात. देवनागरीत कॅपिटल नाही, आणि उंची तर शब्दागणिक बदलते. 'घर' लिहिलं तर वर मोकळी जागा, 'नोंदी' लिहिलं तर ओकार, अनुस्वार आणि वेलांटी बटणाच्या कडेला टेकतात, 'कृती'त खालूनही पाय निघतो. अरुंद देवनागरीसाठी इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको आणि खंड हे दोन्ही फाँट लावून पाहिले. टेको जास्त चौकोनी, पॅनेलच्या स्वभावाला जवळचा. पण लहान आकारात जोडाक्षरं गच्च होतात. शेवटी मोठ्या शीर्षकांना टेको, बटणांना खंड. दुसऱ्या कुठल्या फाँटची शिफारस करणार असाल तर आधी त्यात 'दुसऱ्या' आणि 'वर्षी' लिहून बघा, मग बोला.

दुसरा घोळ लेटर-स्पेसिंगचा, म्हणजे अक्षरांमधल्या जागेचा. मूळ पॅनेलवर अक्षरं जरा सैल असतात, म्हणून एक पिक्सेल दिला आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. प्रत्येक अक्षरगटानंतर फट, जणू दात पडलेला कंगवा. जाहिरातींत आणि बातम्यांच्या शीर्षकांत हे रोज दिसतं आणि कुणाला काही वाटत नाही, पण २८ पिक्सेलच्या बटणावर ते ओरडून दिसतं. देवनागरीसाठी लेटर-स्पेसिंग शून्य, विषय संपला. सैलपणा हवा तर शब्दांमधली जागा वाढवायची.

उभं मोजमाप अजून हाताने चाललंय. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये टेक्स्ट-बॉक्स नावाची नवी सोय आहे, ती अक्षराच्या वरखालची फालतू जागा छाटते, पण छाटते कॅपिटलच्या उंचीला किंवा एक्स-हाइटला, म्हणजे इंग्रजी लहान x च्या उंचीला. शिरोरेषेला छाट, असं सांगायची सोय त्यात नाही. त्यामुळे प्रत्येक फाँटसाठी एक पॅडिंग ठरवलंय आणि शिरोरेषा शेजारच्या बटणाशी एका ओळीत आणलीय. तळाची रेघ जुळवण्यापेक्षा शिरोरेषा जुळवली की पॅनेल एकदम ताठ बसतं. इंग्रजीत नजर तळाशी धावते, आपल्याकडे डोक्यावरून.

घड्याळाने मात्र सुखद धक्का दिला. जावास्क्रिप्टला लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, मराठी सांगितलं की वेळ आपोआप देवनागरी अंकांत येते. हिंदी सांगितलं तर इंग्रजी अंक येतात. पण १ बारीक आणि ६ रुंद असल्यामुळे दर सेकंदाला घड्याळ हलायचं. टॅब्युलर, म्हणजे सारख्या रुंदीच्या, अंकांची सोय फाँटमध्येच असावी लागते, आणि 'सीएच' हे माप इंग्रजी शून्याच्या रुंदीवर ठरतं, आपल्या शून्याशी त्याचं देणंघेणं नाही. सरळ प्रत्येक अंक वेगळ्या डब्यात, रुंदी एममध्ये, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत. आता गुमान उभं राहतं.

खऱ्या आकड्यांसाठी ब्राउझरचं परफॉर्मन्स एपीआय, म्हणजे पानाच्या वेगाची मोजमापं देणारी सोय, कामाला आलं: पान उघडायला किती मिलिसेकंद लागले, किती किलोबाइट आले. ओकुडाग्रामच्या, म्हणजे ओकुडांच्या त्या पॅनेलांवरच्या, बारीक आकड्यांच्या जागी आता हे. बॅटरी दाखवायची हौस होती, पण फायरफॉक्सने ती माहिती पानांना देणं २०१७ मध्येच बंद केलं, कारण तिच्यावरून माणसाचा माग काढता येत होता. योग्यच केलं. ती पट्टी काढून टाकली.

रेड अलर्ट, म्हणजे जहाजावरचा धोक्याचा इशारा, तोसुद्धा झालाय: टायमर संपला की पट्ट्या लाल होऊन उघडमीट करतात. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको हा ॲक्सेसिबिलिटीचा दंडक आहे, माझा एकदाच होतो. ज्यांनी हालचाल कमी ठेवायचं सेटिंग निवडलंय त्यांना नुसता लाल रंग आणि 'वेळ संपली' ही अक्षरं. आवाज ब्राउझरमधल्या ऑसिलेटरने, म्हणजे सूर काढणाऱ्या सोयीने, बनवलाय, पण एकदा कुठेतरी क्लिक केल्याशिवाय ब्राउझर तो वाजू देत नाही. जहाजावर हे चाललं नसतं.

काहींनी विचारलं की 'मायनॉरिटी रिपोर्ट' सिनेमातलं हवेत हात फिरवायचं प्रकरण का नाही घेतलं. दहा मिनिटं हात वर धरून बघा. 'ज्युरासिक पार्क'मधला तो त्रिमितीय फाइल ब्राउझर घ्यायला मात्र आवडेल. लोक त्याला हसतात, पण तो सिलिकॉन ग्राफिक्सचा खराखुरा प्रोग्रॅम होता.

सध्या गाडी फोनवर अडलीय. ३६० पिक्सेलच्या पडद्यात १२० ची डावी पट्टी म्हणजे तिसरा हिस्सा गेला. पट्टी ३२ वर आणली तर बटणावरचा शब्द मावत नाही आणि उभं लिहिलेलं देवनागरी मला बघवत नाही. आता एल्बो उलटा करून बटणं तळाशी, अंगठ्याजवळ आडवी नेऊन पाहतोय. चार बटणं बसतात, पाचवं 'नोंदी'चं आहे आणि तेच बाहेर पडतंय. कुणी अरुंद पडद्यावर एलकार्स बसवलं असेल तर पट्टीची रुंदी किती ठेवली तेवढं सांगा.