या वयातसुद्धा?

फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, परत झोप लागली नाही म्हणून लिहीत बसलोय. काल दुकानात कामाच्या पोरावर ओरडलो, चार गिऱ्हाइकांसमोर. टॉवेलच्या गठ्ठ्यात दोन साईज मिक्स केले होते त्याने, चूक त्याचीच, पण मी डायरेक्ट त्याच्या घरच्यांवर गेलो, "तुझ्या आईने हेच शिकवलं का" वगैरे. तो काहीच बोलला नाही, खाली मान घालून गठ्ठे परत लावत बसला आणि खोटं कशाला लिहू, त्याच्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग आला.

रात्री पैगंबरांचे सहाबी, म्हणजे साथीदार, हजरत अबूजर गिफारी (रजि.) आठवले. लहानपणी अब्बा सहाबांचे किस्से सांगायचे ते सगळे मोठमोठे, हजरत उमर (रजि.) खलिफा असून स्वतःच्या पाठीवर पिठाचं पोतं घेऊन उपाशी पोरांकडे गेले तो तर कितीदा ऐकला असेल. ऐकून ऊर भरून यायचा, बस, तेवढंच. आपल्याला काय जमणार ते. अबूजर मात्र आधी चुकतात, म्हणून ते मला जवळचे वाटतात.

त्यांनी एकाला त्याच्या आईवरून टोमणा मारला होता, ती अरब नव्हती म्हणून. (लोक सांगतात तो माणूस म्हणजे सहाबी हजरत बिलाल, पण बुखारी शरीफ या हदीसच्या ग्रंथात नाव दिलेलं नाही.) पैगंबर (स.) म्हणाले, तुझ्यात अजून जाहिलियत आहे, म्हणजे इस्लामच्या आधीचं अडाणीपण. आता अबूजर म्हणजे अगदी सुरुवातीला इस्लाम स्वीकारलेले, काबाजवळ उघडपणे कलमा, म्हणजे ईमानची साक्ष, म्हटल्याबद्दल मार खाल्लेले! त्यांनी विचारलं, आता या वयातसुद्धा? उत्तर आलं, हो.

हे "हो" काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये. मी ४४ चा, पाच वेळची नमाज, रमजानचे सगळे रोजे, आणि तोंडातून आईचा उद्धार.

पुढे पैगंबरांनी सांगितलं की हे नोकर-गुलाम तुमचे भाऊ आहेत, तुमच्या हाताखाली आहेत एवढंच, आपण खातो ते त्यांना खायला द्या, आपण घालतो ते घालायला द्या, झेपणार नाही असं काम देऊ नका आणि दिलंच तर स्वतः हात लावा. अबूजरनी ते ऐकून सोडून नाही दिलं. खूप वर्षांनी रबजा गावात लोकांनी बघितलं तर त्यांच्या अंगावर जशी चादर तशीच गुलामाच्या अंगावर. लोक म्हणाले, अहो दोन्ही तुम्हीच घेतल्या तर जोडी पुरी होईल की. तेव्हा त्यांनी हा किस्सा सांगितला, स्वतःच्याच चुकीचा.

आमच्या दुकानात मला चहा काचेच्या ग्लासात येतो, पोराला कागदी कपात, तोही अर्धा. इतकी वर्षं हे दिसलंच नाही मला.

साडेदहाला शटर उघडायचंय. ओरडलो सगळ्यांसमोर, मग माफी आत गोडाऊनमध्ये नेऊन मागायची का? नाही चालणार ते. पोटात आत्तापासूनच गोळा आलाय, आणि तो पोरगा आज येतो का नाही तेही बघायचंय.