तुमच्याकडची मुलं पुढे काय करतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं तुम्ही एकट्यानंच विचारलंय असं नाही. मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजात, आकडेवारीचं काम करते हे कळलं की लग्नात शेजारी बसलेले काका विचारतात, आमचे विश्वस्त विचारतात, वेल्डिंग शिकवणारे सरही विचारतात: "तुमच्याकडून शिकून गेलेली मुलं पाच-दहा वर्षांनी कुठे असतात? साधा आकडा सांगा की." मी "कोणती मुलं?" असं उलट विचारलं की समोरच्याला वाटतं, हिला उत्तर टाळायचंय.

कधीकधी टाळायचं असतंही. पण नेहमी नाही.

कायद्याला हवा तो आकडा आहे माझ्याकडे. १९९०च्या कायद्यामुळे शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आम्ही जाहीर करतो. त्यात फक्त पहिल्यांदाच कॉलेजात येणारे आणि पूर्णवेळ शिकणारे धरतात, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षांची मुदत मिळते. आमच्याकडे बहुतेकजण अर्धवेळ. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, घरी कुणी आजारी पडलं की एक सत्र गाळायचं. ते या हिशोबात नाहीतच. पुढे अर्धवेळवाल्यांचं, आठ वर्षांपर्यंतचं मोजमापही सुरू झालं. पण तेही प्रमाणपत्रापाशी थांबतं, आणि तुमचा प्रश्न तिथून पुढचा.

नोकरीसाठी बेकारी विम्याच्या नोंदी बघाव्या लागतात. अमक्याला इतका पगार दिला, असं मालक दर तिमाहीला राज्याला कळवतो. आम्ही आमच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी पाठवतो; ज्यांची नोंद तिथे सापडली, म्हणजे जुळली, त्यांची बेरीज परत येते. माणूस कोणतं काम करतो आणि किती तास करतो, हे बहुतेक राज्यांत त्या नोंदीत नसतं. वेल्डर आणि त्याच कारखान्यातला पहारेकरी, दोघंही सारखेच. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे नोकर त्यात नाहीत, सैन्यातले नाहीत, स्वतःचा धंदा करणारे नाहीत. मग सरकार देशभरातल्या विद्यार्थ्यांची एकच नोंद का ठेवत नाही? २००८पासून कायद्यानंच मनाई आहे. सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्ड या वेबसाइटवर तर कमाई दिसते! दिसते, पण ज्यांनी फेडरल आर्थिक मदत घेतली त्यांचीच. खिशातून फी भरून संध्याकाळी एक-दोन कोर्स करणारा तिथेही नाही.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. तरी जे झालं ते झालं.

काही वर्षांपूर्वी विश्वस्तांनी प्रत्येक तांत्रिक अभ्यासक्रमाचा पाच वर्षांनंतरचा हिशोब मागितला. मी दिला. वेल्डिंगच्या संध्याकाळच्या वर्गाचे निम्मेसुद्धा जुळले नव्हते. तक्त्याखाली मी बारीक अक्षरात टीप घातली होती: नोंद न सापडणे म्हणजे बेकार असणे नव्हे. बैठकीत ती कुणी वाचली नाही. मीही वाचून दाखवली नाही. उशीर झाला होता, सगळ्यांना घरी जायचं होतं. पुढच्या वर्षीपासून संध्याकाळचा वर्ग बंद झाला.

वेल्डिंगचे सर माझ्या खोलीत आले. हातात मळकी वही. एकेका नावावर बोट ठेवून सांगायला लागले. हा नदीपलीकडे, नौदलाच्या गोदीत. हा ट्रकवर स्वतःचं मशीन टाकून शेताशेतांवर फिरतो. यानं दोनच कोर्स केले, कारण त्याला तेवढेच हवे होते, आणि तुम्ही त्याला सोडून गेलेला म्हणता. नदीपलीकडे दुसरं राज्य, तिथल्या नोंदी आमच्या राज्याकडे नाहीत, आणि गोदी फेडरल. म्हणजे तो माणूस माझ्या हिशोबातून एकदा नव्हे, दोनदा गळलेला. मी म्हणाले, "सर, चार किस्से म्हणजे आकडेवारी नव्हे." ते वही मिटून निघून गेले.

मग मी फोन करायला बसले. कोण जुळलं आणि कोण नाही हे राज्य सांगत नाही, म्हणून अख्खी यादीच घेतली. तीन आठवडे, रोज संध्याकाळी. कितीतरी नंबर बंद. कॉलेजचा नंबर दिसला की लोक उचलतच नाहीत. एकानं उचलला आणि पहिलंच वाक्य, "मी सगळे पैसे भरलेत." त्याला वाटलं, थकलेली फी मागतेय. मी समजावलं, तुम्ही सध्या काय करता एवढंच विचारायचंय. तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "सहा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. यंदा माझा धाकटा भाऊ त्या वर्गाला येणार होता. वर्ग बंद केलात, आणि आता विचारताय?" फोन ठेवला. त्याच्या नावापुढे मी 'प्रतिसाद नाही' असं भरलं. त्याला बसेल असा दुसरा रकाना नव्हता.

आता माझीही बाजू ऐका. सरांच्या वहीत कोण होते? जे पुन्हा भेटायला आले ते. ज्याचं बिनसलं तो मास्तरांकडे पेढे घेऊन येत नाही. माझ्याशी बोललेल्यांपैकी काहींनी वेल्डिंग सोडलं होतं; कुणाचे गुडघे गेले, कुणाला गोदामात बरा पगार मिळाला. फोनवर कळलेलं धरून आकडा वर सरकला, पण दिवसाच्या वर्गाच्या खालीच राहिला. मग विश्वस्त चुकले का? मला खरंच सांगता येत नाही.

एक आकडा असा होता, ज्यात संध्याकाळचा वर्ग सगळ्यांत उजवा ठरत होता: प्रवेशाआधीच्या पगारावर झालेली वाढ. तो मी दाखवलाच नाही. नोकरी गेली किंवा तास कमी झाले की माणूस शिकायला येतो, म्हणजे प्रवेशाच्या तोंडावर त्याची कमाई खड्ड्यात असते. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी १९७८ मध्येच हे दाखवलं आणि त्या खड्ड्याला त्यांचंच नाव पडलं. काहीच शिकला नसता तरी तो थोडाफार वर आलाच असता. म्हणून तेव्हाची मी म्हणते, तो आकडा फुगलेला होता. आत्ताची मी विचारते, आणि बाकीचे काय तोलूनमापून आले होते? एका फुगलेल्या आकड्यावर तू इतकी कडक झालीस, मग दुसऱ्या भोकं पडलेल्या आकड्याखाली नुसती बारीक टीप का? तेव्हाची मी म्हणते, प्रथा तशी होती. आमचं हे भांडण अजून चालूच आहे.

तेव्हा काका, आकडा हवा असेल तर पर्किन्स कायद्याचा, म्हणजे तांत्रिक शिक्षणाला फेडरल पैसा देणाऱ्या कायद्याचा घ्या: अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत माणूस नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात आहे की नाही. तो आमचा चांगला आहे. पाच-दहा वर्षांचं मात्र त्यातून काहीच कळत नाही.

पुढच्या महिन्यात विश्वस्तांना पुन्हा तक्ता द्यायचा आहे. टीप या वेळी वर घेतली आहे, मोठ्या अक्षरात. सरांकडे वही मागितली आहे. त्यांनी अजून दिलेली नाही.