एमएच-09 चा कागद आणि चिकोडीची तपासणी

गेल्या उन्हाळ्यात मी एक जुनी जीप घेतली. त्याआधी एक घ्यायची सोडून दिली. लोक घेतलेल्या जीपबद्दल विचारतात, पण सांगण्यासारखं जास्त आहे ते सोडलेल्या जीपबद्दल.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात जीपचं वेड जुनं आहे. उसाच्या फडापर्यंत जायला, पावसाळ्यात आंबोली-चोर्ल्याच्या बाजूला फिरायला आणि खरं सांगायचं तर गणपतीत दारात उभी करायला. जाहिरात एकाच साच्याची असते: लो बॉनेट, डीआय इंजिन, फोर बाय फोर, नवीन टायर, कागद ओके. यातली बरीचशी वाहनं कुठल्याच कारखान्यातून त्या रूपात बाहेर पडलेली नसतात. बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीच्या बाजारातली, इंजिन मोडीत निघालेल्या पिकअपचं, अ‍ॅक्सल तिसऱ्याच गाडीचे आणि चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कुठल्या तरी लिलावातली. जोडणारा कारागीर चांगला असेल तर गाडी झकास पळते. प्रश्न नंबरचा येतो. तो कुठून तरी आणावाच लागतो, आणि बहुतेक वेळा तो कधीच भंगारात गेलेल्या एखाद्या जीपच्या आरसीवरून, म्हणजे नोंदणीच्या कागदावरून येतो.

माझा मावसभाऊ इंग्लंडला असतो. तिकडे घरी जोडलेल्या गाडीला किट कार म्हणतात आणि तिची रीतसर तपासणी होऊन नोंदणी होते. मूळ गाडीचे किती भाग राहिलेत ते बघायला तिथं कित्येक वर्षं गुणांची पद्धत होती. चेसिसला पाच गुण, इंजिनला फक्त एक, आणि जुना नंबर टिकवायला किमान आठ लागायचे. तरीही चुकीच्या नोंदणीच्या गाड्या तिकडेही विकल्या जातातच, असं तो सांगतो. पण निदान सरळ मार्गानं जायचं म्हटलं तर दार आहे. आपल्याकडे ते दारच नाही. गाडीच्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते, ती कारखानदारासाठी असते. एकट्यादुकट्यानं गॅरेजात जोडलेल्या एका जीपसाठी तो खर्च कोण करणार? म्हणून उसना नंबर.

तर ती जीप. कागलच्या बाजूला होती, नंबर एमएच-09, म्हणजे कोल्हापूरचा, मागणी पावणेचार लाख. आरसीवर महिंद्रा सीजे 3बी, पेट्रोल. बॉनेट उघडलं तर आत डिझेल इंजिन.

विकणारा मुळीच गडबडला नाही. "इंजिन बदललंय की साहेब, सगळेच बदलतात." खोटं नव्हतं ते. पेट्रोल परवडत नाही म्हणून जुन्या जीपांना डिझेल इंजिनं बसवली गेली, आणि काहींच्या आरसीवर आरटीओची परवानगी घेऊन तशी नोंदही सापडते. हिच्या आरसीवर नव्हती. मी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून बघितला, तिथंही इंधन पेट्रोलच. माझा मेहुणा सोबत होता, तो म्हणाला, "दाजी, एवढ्यासाठी कशाला मागं सरताय?" जीप दिसायला खरोखर देखणी होती. त्याचं मन समजत होतं मला.

निपाणीतले आमचे मेस्त्री मी बरोबर नेले होते. त्यांनी इंजिनाकडे फार बघितलंच नाही. खिशातून टेप काढला आणि मला म्हणाले, "मागच्या चाकाच्या मधोमध धरा." त्यांनी पुढच्या चाकाच्या मधोमध दुसरं टोक धरलं. एक्याण्णव इंच. सीजे 3बीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं हे अंतर, ऐंशी इंचांचा. आरसीवरही 2032 मिलिमीटर छापलेलं होतं, म्हणजे ऐंशीच. इंजिन बदलता येतं, बॉडी बदलता येते, पण चेसिस अकरा इंचांनी आपोआप वाढत नाही. एक्याण्णव इंच हे एमएम 540 या महिंद्राच्याच दुसऱ्या जीपचं माप. म्हणजे खालची गाडी एक, कागद दुसरीचा.

मग त्यांनी रॉकेलचा बोळा मागितला. पुढच्या बाजूला चेसिसच्या लोखंडावर नंबर ठोकलेला होता, त्याच्या आजूबाजूला काळा रंग जरा जास्तच जाड बसला होता. घासत गेले तसतशी रंगाखालून वेल्डिंगची रेघ दिसायला लागली. नंबरच्या डावीकडून उभी, खालून आडवी, उजवीकडून परत वर. ग्राइंडर फिरवून ती सपाट केली होती, पण बोट फिरवलं की लागत होती. वहीचा कागद ठेवून वर पेन्सिल घासली. अंक स्वच्छ उमटले, आरसीशी तंतोतंत जुळले, आणि अंकांच्या भोवती त्या रेघेची चौकटही उमटली. मेलेल्या जीपच्या चेसिसमधला नंबरचा तुकडा कापून इथं ठिगळासारखा लावला होता. तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला. विकणाऱ्यानं चहा मागवला.

एक गोष्ट इथं सांगून ठेवतो, कारण याबाबत फार गैरसमज आहे. एचएसआरपीची, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची नवी पाटी लागलेली असली म्हणजे गाडी खरी, असं लोक धरून चालतात. पाटी मागवताना भरायचा असतो तो आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर. कागद खरा असेल तर पाटी येतेच. इन्शुरन्सचंही तेच, थर्ड पार्टी पॉलिसी मोबाइलवर पाच मिनिटांत निघते, गाडी बघायला कोणी येत नाही. त्या जीपची पाटी, पॉलिसी, पीयूसी सगळं होतं. पीयूसीवर इंधन काय लिहिलं होतं ते मी मुद्दाम बघितलं: पेट्रोल. डिझेल इंजिनाची पेट्रोल म्हणून पीयूसी कशी निघाली, हे काढणारालाच ठाऊक.

आता धोका नेमका कुठं असतो? रोजच्या रस्त्यावर फारसा नाही. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून अशा जीपा रोज ये-जा करतात. धोका सुरू होतो गाडीला एकदा आरटीओच्या माणसासमोर उभं करावं लागतं तेव्हा. गाडी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरत राहिली तर हा दिवस पंधरा वर्षांच्या नूतनीकरणापर्यंत पुढं ढकलता येतो. आम्हा सीमेवरच्या लोकांचं तसं नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नवा नंबर घ्यावा लागतो, आणि नवा नंबर म्हणजे तपासणी. महाराष्ट्रात कित्येक वर्षं खपून गेलेली लबाडी चिकोडी आरटीओच्या मैदानात दहा मिनिटांत उघडी पडते.

आणि उघडी पडली तर काय होतं, हे मी एका ओळखीच्या वकिलांकडून समजून घेतलं. ठोकलेला चेसिस किंवा इंजिन नंबर आरसीतल्या नंबरपेक्षा वेगळा निघाला, किंवा नोंदणी खोट्या माहितीवर झाल्याचं दिसलं, तर मालकाचं म्हणणं ऐकून नोंदणी रद्द करायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं. मालक म्हणजे त्या दिवशीचा मालक, म्हणजे आपण. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायला कलम 52 मनाई करतं. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 9 जानेवारी 2019 ला तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वरून नंबरचा तुकडा वेल्डिंगनं लावलेला दिसला की पोलिसांचा पहिला प्रश्न चोरीचा असतो. खालची ती एक्याण्णव इंची चेसिस मुळात कोणाची होती, हे विकणाराही सांगू शकला नाही. "मिलिटरी ऑक्शनची," एवढंच म्हणाला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे आमच्याकडे हे उत्तर लगेच पटतं. पण लष्कराची गाडी खरोखर लिलावात घेतली असेल तर विक्रीचा मूळ दाखला असतो आणि तिची नोंदणी त्या दाखल्यावर होते. भंगारातल्या सीजे 3बीच्या कागदाची गरजच पडत नाही.

एक एजंट मध्ये पडला. त्याचा तोडगा असा: एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचं ना-हरकत पत्र, काढूच नका, कागलच्या पाव्हण्यांच्या पत्त्यावर नाव चढवा, एमएच-09 वरच चालवा. किंवा नावही चढवू नका, नाव बदलायच्या टीटीओ फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवा. कर्नाटकचा लाइफ टॅक्स, म्हणजे एकरकमी वाहन कर, चुकवायला हे सीमाभागात सर्रास चालतं, पाव्हणे तर प्रत्येकाचेच पलीकडे आहेत. पण जीप उद्या कुणाला धडकली तर? नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलंय. गाडी विकून झालेली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे पाव्हण्यांच्या गळ्यात. आणि विमा कंपनी गाडी बघायला आली, पेट्रोलच्या ठिकाणी डिझेल इंजिन बघितलं, तर हात वर करायला तिला कारण आयतंच मिळतं. मी एजंटाला म्हटलं, "हे सगळं लिहून द्या." तो हसला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

विकणारा टोकन मागत होता, वीस हजार. मी म्हटलं, आधी तुमच्या खर्चानं कोल्हापूर आरटीओतून एनओसी काढा, एनओसी हातात पडली की त्याच दिवशी सगळे पैसे. एनओसीच्या फॉर्म 28 वर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट द्यावी लागते हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्याचा परत फोन आला नाही.

दुसरी जीप गडहिंग्लजजवळ मिळाली. एमएम 540, एकाच कुटुंबात राहिलेली, रंग उडालेली, पत्रा दोन ठिकाणी कुजलेला. टेप लावला, बोळा फिरवला, पेन्सिल घासली. सगळं जुळलं. आरसीवर एका पतसंस्थेचा बोजा अजून दिसत होता, कर्ज कधीच फिटलेलं. बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि पतसंस्थेचं पत्र आणायला मालकांना बरीच पायपीट करावी लागली, कारण तिथली माणसंच बदलली होती. माझी अट एकच होती, बोजा उतरल्याशिवाय व्यवहार नाही. मग जुनं चलान भरणं, चोरीची नोंद नसल्याचा दाखला, एनओसी. कंटाळवाणं काम, पण अडलं कुठं नाही. नूतनीकरण आधीच झालेलं होतं हे बरं. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची ती फी सहाशेवरून पाच हजारांवर गेलीये, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला 2025 मध्ये ती आणखी दुप्पट झाली. जुनी जीप घेणाऱ्यानं हे हिशेबात धरावं.

चिकोडीत तपासणीला इन्स्पेक्टर साहेबांनी आधी कागद बघितले, मग जीपला एक फेरी मारली आणि खाली वाकत कानडीत म्हणाले, "चेसिस नंबर तोरस्री." दाखवा. मी घासून स्वच्छ करून ठेवलेली जागा दाखवली. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून अंक वाचले, अंगठा फिरवून बघितला. मेस्त्रींनी कागलला फिरवला होता तसाच. मग इंजिन नंबर. मग वर बघितलं आणि थांबले.

जीपवर आधीच्या मालकांनी पत्र्याचा हार्डटॉप बसवलेला. आरसीवर बॉडी सॉफ्ट टॉप. "हे काढून या," म्हणाले. वाद घालण्यात अर्थ नव्हता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून हार्डटॉप उतरवून घेतला, ताडपत्रीचा हूड शिवून घेतला आणि परत नेली. लाइफ टॅक्स वयानुसार खालच्या टप्प्यात बसला, वर ग्रीन टॅक्स. केए-23 चा, म्हणजे चिकोडीचा नंबर पडला.

हार्डटॉप गोठ्याच्या मागं ठेवलाय. परवा संकेश्वरचे एक गृहस्थ त्यांच्या जीपसाठी तो बघायला आले होते. भाव जवळजवळ ठरला. मी सहज विचारलं, "तुमच्या आरसीवर बॉडी काय लिहिलीय?" बघून सांगतो म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.